दशांच्या ढगावरील मोहीम

श्रीसिद्धेश्वर साक्ष आहे. शके १९४७, विश्वावसु नाम संवत्सर, वैशाखमासी, मुक्काम सोलापूर, येथील सिद्धकृपा अपार्टमेंट नामे किल्ल्याचे माथ्यावर जे रण माजले त्याचे साद्यंत वर्तमान लिहोन ठेवावे, ऐसी आज्ञा आम्हांस कोणी केली नाही. परंतु न लिहावे तर उद्या ज्याचे तोंडी जे येईल ते तो सांगेल, कोणी म्हणेल पाऊस पडला, कोणी म्हणेल वारा सुटलाच नव्हता, आणि मग खरे ते बुडेल, म्हणोन आम्हीच आपले आपणांस हुकूम करून कलम हाती धरिले. वाचणारांनी अर्थ मनास आणावा, मध्येच फिदीफिदी हसू नये. आम्ही दोन्ही पक्षांच्या घरच्या कुरडया तळून खाल्ल्या आहेत, सबब ह्या लिहिण्यात पक्षपात औषधालाही सापडणार नाही.

प्रथम किल्ल्याचा मजकूर. सिद्धकृपा हा चौमजली किल्ला, आत सोळा बिऱ्हाडे, एक लिफ्ट, ती तिची मर्जी असेल तेव्हां चालते, आणि माथ्यावर गच्ची, तोच बालेकिल्ला. गच्चीवर पाण्याच्या चार टाक्या बुरुजांसारख्या उभ्या, आणि तेथोन वायव्येस चिंचोळी एमआयडीसीचा धूर, आग्नेयेस अक्कलकोटचा रस्ता, आणि वर आभाळ तर अवघेच्या अवघे, कोठे तार आडवी नाही की भिंत नाही. खाली मात्र ज्यास त्यास खिडकीपुरते आभाळ, त्यातही निम्म्यात शेजारची इमारत आणि तिजवर वाळत घातलेले टॉवेल. तेव्हां ज्याचे हाती गच्ची त्याचे हाती आभाळ, हे उघड आहे. किल्लेदारी सोसायटीचे चेअरमन शिवलिंगप्पा यांजकडे होती, परंतु ती कागदोपत्री. गच्चीच्या कुलुपाची किल्ली असे त्यांचे कुटुंब गंगम्मा यांचे कमरेस, आणि हुकूम चाले तो किल्ली ज्याचे कमरेस त्याचाच. गंगम्मा शरीराने थोराड, आवाजाने बुलंद, माहेर अक्कलकोटचे, संतापल्या की कानडीत बोलत आणि निवल्या की मराठीत, म्हणोन जिन्यात कानडी ऐकू आली की लोक दारे लावून घेत. मनाने मात्र वाईट बाई नव्हे, हेही लिहिले पाहिजे.

आता ज्यांचे निमित्ते हे सर्व घडले त्या वैजयंतीबाईसाहेब. तिसऱ्या मजल्यावर नऊ नंबरचे बिऱ्हाड, वय पन्नाशीचे आतबाहेर, यजमान मानसिंगराव चिंचोळीस व्हॉल्व्हच्या कारखान्यात चाकरीस, मुलगा पुण्यास. माहेर मंगळवेढ्याकडील काळ्या रानाचे, तेथे माणूस मान वर करितो ती एकाच कामासाठी, आभाळास विचारावयाचे की बाबा रे, येतोस की नाही. बाईसाहेबांचे बालपण ऐशा विचारण्यातच गेले. परंतु मागील दिवाळीस मुलाने आपला जुना मोबाईल आईस नजर केला, आणि एके सायंकाळी त्या कपडे काढावयास गच्चीवर गेल्या असता आभाळात नांगरट केल्यासारखे ढग दिसले, सरीवर सरी, थेट नजर पोचे तेथवर, आणि बाईसाहेबांनी उगाच म्हणोन फोटो काढिला, आणि घरी येऊन पाहिला, आणि पुन्हा पाहिला, मग गॅसवरचे वरण करपोन धूर जाहला तरी पाहतच होत्या. त्या ढगांत पाऊस नव्हता. पावसाचा संबंधच नव्हता. नुसता पाहावयाचा ढग, ऐसी काही चीज असते, हे त्यांस जन्मात प्रथमच ठाऊक जाहले, आणि त्यांस इतका आनंद जाहला की तो कोणास सांगावा ते कळेना.

सांगून पाहिला, नाही ऐसे नाही. पालथ्या घालून ठेवलेल्या बशीसारख्या ढगाचा फोटो बहिणीस मंगळवेढ्यास धाडिला, तो तिचा जबाब आला, 'तिकडं पडला का? हितं न्हाय.' म्हशीच्या कासेसारखे गोळे लोंबणाऱ्या ढगाचा फोटो मुलास धाडिला, त्याने अंगठा उंच केलेले चित्र धाडिले. मानसिंगरावांस रोज एक ढग जेवताना दाखवावा, तेही घास चावीत चावीत पाहात आणि विचारीत, 'यातनं काय पडतंय का?' बाईसाहेब म्हणत, 'अवो, पडायचा न्हाय त्यो. बघायचा हाय.' मग मानसिंगराव आणखी एकवार पाहात आणि आमटी मागत. येणेप्रमाणे सहा महिन्यांत दोनशे चाळीस ढग मोबाईलमध्ये बंदिवान जाहले. बाईसाहेबांनी प्रत्येकास आपल्या पदरचे नाव दिले, कारण इंटरनेटावरील नावे जिभेस वळत ना.

परंतु एक ढग हाती लागेना. सोलापुरी चादरीच्या टोकास विणकर सुटे दोरे राखितो, त्यांस दशा म्हणतात, तैशा ह्या ढगाच्या पोटाखाली पावसाच्या दशा लोंबतात, आणि खाली येता येता मध्येच हवेत विरून जातात. पाऊस ढगातोन निघतो खरा, भुईवर पोचत नाही. ऐसा पाऊस ह्या प्रांती नवा नाही, लोक त्यास शिव्या देतात, फोटो काढीत नाहीत. बाईसाहेबांनी त्यास दशांचा ढग म्हटले. एकवार एसटीच्या खिडकीतोन दिसला, तो गाडी वळली. एकवार स्वयंपाकघराच्या खिडकीतोन दिसला, तो अर्धा भिंतीने खाल्ला. तेव्हां त्यांनी मनाशी पण केला की हा ढग या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड धरावयाचा, आणि तो धरावयाचा तर गच्चीवरोनच.

ऐशात चैत्र वद्यात पहिली लढाई जाहली, आणि तीत बाईसाहेबांची पुरती शिकस्त जाहली, ती ऐसी.

गंगम्मांची कन्या शिवलीला इचे लग्न वैशाख वद्यात ठरले होते, वरपक्ष विजापूरचा, मातब्बर आणि नाक मुरडणारा. वरमायेने बैठकीतच बोलून दाखविले होते की सोलापूरकडच्या कुरडया कशा असतात ते रुखवतात पाहू. गंगम्मांस हे बोल काट्यासारखे रुतले. त्यांनी गहू तीन दिवस भिजवोन, चीक काढोन, स्वहस्ते सोऱ्या दाबोन एकशे चाळीस कुरडया गच्चीवर जुन्या लुगड्यांवर घातल्या, ऐशा गोल आणि पांढऱ्या की पाहणाराने पाहातच राहावे. त्या दिवशी दुपारी बाईसाहेब कपडे काढावयास वर गेल्या, तो माथ्यावर बशीचा ढग, एकावर एक तीन बश्या रचलेल्या! आणि मोबाईल घरी चार्जिंगला. मग बाईसाहेब दोन मजले धावत खाली आल्या, मोबाईल घेतला, आणि अनवाणी धावत, मान वर करून, दोन मजले पुन्हा वर गेल्या.

हे गंगम्मांनी आपल्या दारातोन पाहिले. वाळवणाच्या दिवसांत बाई मान वर करून गच्चीकडे धावली तर ह्या मुलखात कोणी तिला कारण विचारीत नाही. गंगम्मांनी आरोळी ठोकली, आणि सोळा बिऱ्हाडांतोन बायका सुटल्या, आणि जिन्यात चेंगराचेंगरी जाहली, आणि मग गच्चीवर पोचोन कोणी वर न पाहता अवघ्यांनी कुरडयांसकट लुगडी गुंडाळिली आणि खाली पार्किंगमध्ये नेऊन टाकिली. आणि मग वाट पाहू लागल्या. ऊन लख्ख पडले होते. पाव घटिका गेली, अर्धी गेली, एक थेंब नाही. तेव्हां लुगडी उलगडोन पाहिली, तो आत एकशे चाळीस कुरडया नव्हत्या, एक कुरडई होती, पोत्याएवढी. बाईसाहेब वरोन हसत हसत खाली आल्या, हाती मोबाईल, आणि म्हणाल्या, 'गंगम्मा, ह्ये बघा की, तीन बश्या!'

त्यावर गंगम्मा जे बोलिल्या ते कानडीत असल्याने, आणि आम्हांस कळत असल्यानेही, येथे लिहीत नाही. रात्रीचे आत सोसायटीच्या ग्रुपवर फर्मान सुटले की आजपासून गच्चीस कुलूप राहील, ज्यास वाळवण असेल त्याने किल्ली मागोन न्यावी, आणि नऊ नंबरच्या बिऱ्हाडाने ती मागूच नये. खाली सोळांपैकी चौदा बिऱ्हाडांनी हात जोडल्याची चित्रे धाडोन रुकार दिला. वैजयंतीबाईंनी ते वाचिले आणि मोबाईल पालथा ठेविला, आणि मानसिंगरावांस त्यांनी त्या दिवशी ढग दाखविला नाही.

मग वनवास सुरू जाहला. बाईसाहेबांनी न्हाणीघरात बादली पालथी घालून वरच्या झरोक्यातोन आभाळ पाहिले, ते वीतभर. रस्त्यात उभे राहून पाहावे तर रिक्षावाले ओरडत. एके दिवशी उत्तम कासेचा ढग आला आणि निम्मा दिसोन गेला, तेव्हां त्या बादलीवरोन उतरल्या त्या डोळे पुसतच. मानसिंगराव कारखान्यातोन आले होते, त्यांनी ते पाहिले. ढगाचे त्यांस काही कळत नव्हते, परंतु बायकोचे कळत होते. तैसेच उठोन ते शिवलिंगप्पांकडे वकिलीस गेले. शिवलिंगप्पांनी चहा दिला, सोफ्यावर बसविले, सर्व ऐकोन घेतले आणि हळूच म्हणाले, 'मानसिंगराव, मी चेअरमन हाय हो. किल्ली कुटं माझ्याकडं हाय?'

परंतु दैवाने गंगम्मांसही पेच घातला. दुसऱ्या खेपेचे गहू भिजत पडले, लग्न बारा दिवसांवर आले, आणि ऐन कुरडया घालण्याच्या दिवशीच नळास पाणी यावयाचा वार पडला. चौथ्या दिवशी पाणी येते, ते सोडोन कोण सोऱ्या दाबीत बसेल? पाणी भरता भरता सकाळ गेली, आणि कुरडया पडल्या त्या दुपारी एक वाजता. आता बेचाळीस अंशांच्या उन्हात कावळ्यांवर आणि आभाळावर डोळा ठेवोन सहा वाजेपर्यंत राखण कोणी बसावे, ऐसा सवाल गंगम्मांनी ग्रुपवर टाकिला. ज्या चौदा बिऱ्हाडांनी हात जोडिले होते त्यांस त्या दुपारी अचानक पाहुणे आले. जबाब आला तो एकच, नऊ नंबरचा, 'मी बसते.'

तेव्हां जिन्यात उभ्या उभ्या तह जाहला. कलमे तीन. बाईसाहेबांनी कावळे हाकावयास काठी घेऊन सहापर्यंत बसावे. आभाळ भरोन आल्यास जागेवरोन धावू नये, शांतपणे हाक मारावी. आणि मोबाईल गच्चीवर आणू नये. तह पाळिल्यास गच्ची खुली, मोडिल्यास यावच्चंद्रदिवाकरौ बंद. बाईसाहेबांनी मान्य केले, आणि गंगम्मांनी किल्लीने कुलूप उघडोन किल्ली पुन्हा कमरेस खोचिली. बाईसाहेबांच्या जेवणाच्या स्टीलच्या डब्यात वर शेंगाचटणी, मध्ये कडक भाकरी, आणि सर्वांखाली प्लास्टिकच्या पिशवीत मोबाईल होता. आम्ही ह्या कृत्याचे समर्थन करीत नाही. त्यांचे जागी असतो तर आम्हीही तेच केले असते, ही गोष्ट निराळी.

दुपार कावळ्यांशी चकमकी करण्यात गेली. साडेपाचाचे सुमारास, ऊन कलंडोन टाक्यांच्या सावल्या लांबल्या असता, अक्कलकोटच्या अंगाने आभाळ दाटले. बाईसाहेबांनी काठी टेकून पाहिले. काळानिळा ढग, आग्नेयेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि त्याचे पोटाखाली दशा सुटलेल्या, शेकडो, तिरक्या, आणि पश्चिमेचे ऊन त्यांजवर पडोन त्या झेंडूच्या रंगाच्या जाहलेल्या, आणि एकही भुईस टेकलेली नाही! डबा टाकीजवळ दहा पावलांवर होता. बाईसाहेबांचा पाय उचलला. मग तह आठवला, आणि पाय ठेविला, आणि ठरल्याप्रमाणे त्यांनी जिन्यात तोंड घालून शांतपणे हाक मारिली, 'गंगम्मा, ढग आलाय. पर येऊ नका, पडणार न्हाय त्यो.'

ह्या वाक्यातील पहिले दोन शब्द ऐकोनच गंगम्मा निम्मा जिना चढल्या होत्या. मागे अवघी फौज, अकरा बायका, मागोमाग शिवलिंगप्पा, आणि पहिल्या पाळीहून येऊन निजलेले मानसिंगरावही बनियनवर. गंगम्मांनी आभाळ पाहिले आणि 'यव्वा!' म्हणोन छातीवर हात मारिला, आणि उचला, उचला, ऐसा हुकूम सोडिला. बायका लुगड्यांच्या टोकांस भिडल्या.

तेव्हां वैजयंतीबाई काठी आडवी धरोन मध्ये उभ्या राहिल्या. 'कुणी हात लावायचा न्हाय.'

बायकांचे हात लुगड्यांच्या टोकांवर तैसेच राहिले, आणि टाकीचे पाणी ठिबकते ते ऐकू येऊ लागले.

'वैजयंती, बाजूला हो,' गंगम्मा बोलिल्या, आणि त्या मराठीत बोलिल्या, त्यावरोन प्रसंग ओळखावा. 'माझ्या पोरीचं रुखवत हाय ते.'

'म्हणूनच म्हणते की. वरनं सुकल्यात, आतनं वल्ल्या हायेत. आत्ता उचलल्या तर मागच्यासारखा गोळा. पुन्हा गहू भिजवायला दिवस न्हायीत तुमच्याकडं.'

'आणि पाऊस पडला म्हंजे?'

'पडणार न्हाय. त्या दशा बघा, मधीच इरत्यात. खाली येत न्हायीत त्या.' बाईसाहेबांनी काठी आणखी घट्ट धरिली आणि त्या बोलिल्या, 'एक थेंब जरी ह्या कुरडयांवर पडला, तर मी जल्मात गच्चीवर पाय ठेवणार न्हाय. वर बघणारसुदिक न्हाय. मोबाईल देवळात ठिवते.'

 मागे हिच्याच धावण्याने एकशे चाळीस गेल्या, आता हिच्याच थांबण्यावर दुसऱ्या खेपेच्या ठेवाव्या, हे कोणाचे मनास पटावे? गंगम्मांनी दुसऱ्या मजल्यावरील तानाबाईंकडे पाहिले. तानाबाईंचा जन्म मेंढरांमागे माळावर गेला, आता लेकाजवळ फ्लॅटात राहतात, आणि पावसाचे त्यांस कळते ऐसी सोसायटीत ख्याती. तानाबाईंनी नाक वर करून दोन वेळा हुंगिले. 'मातीचा वास न्हाय,' त्या बोलिल्या. 'पर म्या काय देव हाय का? म्हातारीच्या नाकावर लग्नाचं ठरवू नगा बाई.' येणेप्रमाणे जाणत्यांची सल्लामसलत पूर्ण जाहली.

मग गंगम्मांनी टोक सोडिले. बाकीच्यांनीही सोडिले. त्याच समयी शिवलिंगप्पांचे टकलावर एक थेंब पडला. अवघ्यांच्या माना त्या टकलाकडे वळल्या. मानसिंगरावांनी पुढे होऊन वर पाहिले, हाताने चाचपिले आणि निवाडा दिला की हा थेंब टाकीच्या व्हॉल्व्हचा आहे. त्यांचा जन्म व्हॉल्व्हांत गेला असल्याने तो निवाडा सर्वांनी मानिला.

पाऊस आला नाही. परंतु जो पाऊस वाटेतच विरतो तो विरता विरता हवा गार करितो, आणि ती गार हवा जड होऊन भुईवर येऊन आदळते, हे बाईसाहेबांच्या शास्त्रात नव्हते. दशा पाहण्यात त्या इतक्या रमल्या होत्या की त्यांपुढे वारा दौडत येतो हे त्यांस ठाऊकच नव्हते. तो आला तो एकदम, धुळीसकट, अक्कलकोटच्या रस्त्याने, आणि पाचही लुगडी फडफडोन कडांस उचलू लागली. कुरडया एकीवर एक चढू लागल्या. दगड आणा, विटा आणा, ऐसा पुकारा जाहला, तो गच्चीवर एक वीट नाही, कारण मागील महिन्यात चेअरमनांनी स्वच्छता मोहीम काढोन सर्व विटा हलविल्या होत्या आणि त्याचा फोटोही ग्रुपवर टाकिला होता.

'बसा!' गंगम्मा गरजल्या. 'काठावर बसा सगळी!'

आणि ती फौज बसली. एकेका लुगड्याचे काठांवर बायका फतकल मारून बसल्या, शिवलिंगप्पा एका कोपऱ्यावर, मानसिंगराव बनियनवर दुसऱ्या कोपऱ्यावर, तानाबाई दोन कोपरे एकत्र ओढोन त्यांवर. शेवटचे लुगडे फाटोन पुरुषभरच उरलेले, त्यास माणसे पुरेनात, त्याचे एक टोक गंगम्मांनी धरिले आणि समोरचे वैजयंतीबाईंनी. वारा वरोन जाई, पदर उडत, केस सुटत, डोळ्यांत धूळ जाई, आणि कोणास जागचे हलता येईना. हातास काम नाही, पायास वाट नाही, बोलावे तर तोंडात माती. तेव्हां दुसरे काही करण्यासारखे नाही म्हणोन एकेकाने मान वर केली.

वर दशांचा ढग माथ्यावर आला होता. दशा आता तांबूस जाहल्या होत्या, आणि वाऱ्याने त्या सगळ्या एकदम एका अंगास झुकत, आणि त्यांचे मध्ये इंद्रधनुष्याचा एक तुकडा पडला होता, हातभर, त्याच्या खाली काही नाही आणि वर काही नाही.  बारा नंबरच्या बाई, ज्या आभाळाकडे पाहात त्या केवळ टाकी भरली का ते पाहताना, त्यांचे तोंड उघडे राहिले. शिवलिंगप्पांनी चष्मा काढोन पुसला आणि पुन्हा लाविला. तानाबाई पुटपुटल्या, 'साठ वर्सं ह्येच्याखाली हिंडली की वो मी. कवा असं बघितलंच न्हाय. मेंढरंच मोजीत हुते.'

गंगम्मांनी मान खाली केली, तो समोर वैजयंतीबाई रडत होत्या. टोक दोन्ही हातांनी घट्ट धरिलेले, आणि गालांवरोन धुळीचे ओघळ.

'आता काय झालं गं? पडला नाही की पाऊस.'

'एवढाच एक राहिला हुता,' वैजयंतीबाई बोलिल्या. 'आणि जाईल की वो आत्ता.'

'मग काढ की फोटू.'

'मोबाईल त्या डब्यात हाय. भाकरीखाली. आणि हे सोडलं तर उडतंय.'

गंगम्मांनी टाकीजवळच्या डब्याकडे पाहिले, आणि मग वैजयंतीबाईंकडे पाहिले. 'तह मोडलास तू.'

'व्हय.'

'त्ये आपण नंतर भांडू,' गंगम्मा बोलिल्या. आणि मग जे घडले ते ह्या बखरीचे लिहिणारास लिहिताना अंगावर काटा येतो. ती चेअरमनांची पत्नी, विजापूरकरांची होणारी विहीण, दोन वर्षांपूर्वीच्या पाडव्याचे हिरवे इरकल नेसलेली, तेथेच धुळीत आडवी जाहली, पाठीवर उताणी, डोके एका टोकावर आणि पाय दुसऱ्या टोकावर, आणि मधला काठ आपल्या अंगाने दाबोन धरिला. कमरेची किल्ली पाठीस टोचू लागली, ती उपसोन त्यांनी वैजयंतीबाईंकडे फेकिली. 'धर ही, टोचतीया. आता जा!'

वैजयंतीबाई उठल्या त्या धावल्या. डबा उघडला, चटणी उपडी केली, भाकरी फेकिली, मोबाईल काढिला. लेन्सवर भाकरीचा चुरा, तो पदराने पुसला. पहिल्या फोटोत बोट आले. दुसऱ्यात मावेना. तिसऱ्यास त्या टाकीस पाठ टेकून खाली बसल्या, श्वास रोखिला, आणि ढग या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड आला, सर्व दशांसह, आणि खालच्या कोपऱ्यात गंगम्मांचे दोन पाय, जोडव्यांसह. तो पाहून वैजयंतीबाई मोठ्याने हसल्या आणि तैशाच हुंदकेही देऊ लागल्या, आणि मानसिंगराव आपला कोपरा न सोडता ओरडोन विचारू लागले, 'आला का गं? आला का?' यातनं काय पडतंय, हे त्यांनी त्या दिवशी विचारिले नाही.

पुढे वारा पडला, धूळ बसली, ढग वायव्येस सरकला. मंडळी कंबर धरीत उठली. कुरडयांची पाहणी जाहली, त्यांत अकरा मोडल्या, पैकी चार गंगम्मांचे कोपराखाली. धूळ बसली होती ती तळताना कळणार नाही, ऐसा निवाडा तानाबाईंनी दिला, आणि तो विजापूरपर्यंत जाऊ नये म्हणोन सर्वांनी शपथ घेतली, ती आम्हीही घेतली होती, आणि येथे लिहोन मोडिली. पर्जन्य शून्य. दशांचा ढग कैद एक. येणेप्रमाणे, शके १९४७ वैशाख शुद्ध नवमीस, सायंकाळी सहा वाजोन दहा मिनिटांनी, सिद्धकृपा किल्ल्याचे माथ्यावर वैजयंतीबाईसाहेबांची फत्ते जाहली, ऐसे लिहोन आम्ही कलम खाली ठेवणार, तो पाहतो की गंगम्मा अद्याप उठल्या नाहीत.

शिवलिंगप्पांनी हात पुढे केला. 'ऊठ की आता. वारा गेला. चहा टाकायचा न्हाय का?'

गंगम्मांनी आभाळावरोन नजर काढिली नाही. 'तुमी टाका जावा,' त्या बोलिल्या. 'माझं अजून बघून झालं नाही.'

वैजयंतीबाई त्यांचे शेजारी जाऊन बसल्या. बाकी मंडळी खाली उतरली, चहा शिवलिंगप्पांनी टाकिला आणि तो फार गोड जाहला. सबब वर लिहिलेली सहा वाजोन दहा मिनिटांची वेळ रद्द समजावी, आणि फत्तेची वेळ, गंगम्मा उठल्या तीच, सायंकाळचे पावणेसात, येथे कायम केली असे.